आगीच्या आधी ठरलेले: अमेरिकेतील आदिवासी जमिनींवरचे विभागीय वणवा-व्यवस्थापन

गडचिरोली जिल्ह्यात सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांबरोबर काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने चार प्रश्न विचारले आहेत. अमेरिकेतील आदिवासी राखीव प्रदेशांत वणव्याचा कार्यक्रम विभागीय पातळीवर कोण आणि कसा चालवते, मोठी आग लागल्यावर निर्णय कोणाचा असतो, पैसा कोठून येतो, आणि जमातींच्या स्वतःच्या जाळण्याच्या रीतीला या व्यवस्थेत जागा आहे का, असे ते प्रश्न आहेत. मी दापोलीला वनशास्त्र शिकलो. पुढे नोकरीचा बराच काळ अमेरिकेच्या वायव्य भागात, आधी एका जमातीच्या वनविभागात आणि नंतर विभागीय समन्वयात, वणव्याचे नियोजन करण्यात गेला. त्या कामाच्या आधारे उत्तर देतो.

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. आग विझवणे हा या कार्यक्रमाचा डोळ्यांत भरणारा भाग आहे, पण तो चांगला चालला आहे की नाही हे हिवाळ्यात ठरते. कोणती जमीन आधी वाचवायची, कोठे आग काही मर्यादेत चालू द्यायची, कोठे डोझर (माती खरवडून आग अडवण्याची रेषा काढणारे यंत्र) अजिबात न्यायचा नाही, हे जमातीने शांतपणे बसून ठरवलेले आणि लिहून ठेवलेले हवे. बाहेरून येणाऱ्या पथकाच्या हाती तो कागद पहिल्याच बैठकीत पडला पाहिजे. हे झालेले नसेल तर कितीही इंजिने (पाण्याच्या टाकीच्या अग्निशमन गाड्या) आणि हेलिकॉप्टरे आली तरी निर्णय परक्यांच्या हाती जातो, आणि तो त्यांच्या सवयीप्रमाणे घेतला जातो.

यामागचे कारण जमिनीच्या मालकीत आहे. अमेरिकेत सुमारे ५.६ कोटी एकर जमीन संघराज्य सरकारने जमातींसाठी आणि त्यांच्या सदस्यांसाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली आहे, आणि त्यातील १.८ कोटी एकरांहून अधिक क्षेत्र जंगल किंवा विरळ वृक्षाच्छादित जमीन आहे. मालकी जमातीची आणि विश्वस्ताची जबाबदारी सरकारची, असे हे नाते आहे. सरकारच्या वतीने ही जबाबदारी ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स, म्हणजे बीआयए, पार पाडते. राष्ट्रीय उद्यानातले जंगल जळाले तर ते देशाचे नुकसान असते. राखीव प्रदेशातले जंगल जळाले तर एका विशिष्ट समाजाचे उत्पन्न, त्याची औषधी मुळे, मासळीच्या नद्यांवरची सावली आणि पूर्वजांच्या दफनभूमी एकाच वेळी धोक्यात येतात, आणि त्या समाजाला दुसरीकडे जाण्याची सोय नसते. करारांनी उरलेली जमीन एवढीच आहे.

त्यातही एक गुंतागुंत आहे, ती आपल्याकडच्या वाचकाला लवकर लक्षात येत नाही. १८८७ च्या डॉज कायद्याने अनेक राखीव प्रदेशांतील सामाईक जमिनीचे व्यक्तिगत तुकडे पाडले आणि उरलेली जमीन बाहेरच्या लोकांना खुली केली. त्यामुळे आज एकाच खोऱ्यात जमातीची जमीन, एखाद्या कुटुंबाची विश्वस्त जमीन, बाहेरच्या शेतकऱ्याची खाजगी जमीन आणि सरकारी जमीन अशी चौकटी-चौकटींची रचना असते. वारसाहक्काने एका तुकड्याचे सहमालक शेकड्यांवर गेलेले असतात. आगीला या सीमा कळत नाहीत, पण नियोजित जाळणीच्या, म्हणजे आखून आणि ताब्यात ठेवून लावलेल्या आगीच्या, परवानगीसाठी मात्र त्या प्रत्येक सीमेचा कागद लागतो. मी पाहिलेल्या कित्येक चांगल्या योजना धूर किंवा वारा यांमुळे अडल्या नाहीत, सहमालकांच्या संमतीअभावी अडल्या.

आता रचनेकडे वळतो. बीआयएचे देशात १२ विभाग आहेत. वायव्य विभागाचे कार्यालय पोर्टलंडला आहे आणि वॉशिंग्टन, ओरेगॉन, आयडाहो ही राज्ये व माँटाना राज्यातील फ्लॅटहेड राखीव प्रदेश त्याच्याकडे येतात. खालच्या पातळीवर प्रत्येक राखीव प्रदेशासाठी बीआयएची एजन्सी किंवा जमातीचा स्वतःचा वणवा-विभाग असतो. वरच्या पातळीवर आयडाहोतील बॉइझी येथील राष्ट्रीय आंतरसंस्था अग्निकेंद्रात बीआयएची राष्ट्रीय शाखा बसते. विभागीय कार्यालय या दोहोंच्या मधोमध असते. पैशांची वाटणी, माणसांची पात्रता आणि प्रशिक्षण, विमान-हेलिकॉप्टरांच्या वापराची सुरक्षितता, जाळणी आराखड्यांची तांत्रिक तपासणी, शेजारच्या संस्थांशी करार, आणि आगीनंतरच्या पुनर्स्थापनेचे प्रस्ताव ही त्याची कामे. आग विझवणारी माणसे त्याच्याकडे फारशी नसतात आणि नसावीतही. ती जमिनीजवळच हवीत.

या रचनेला निर्णायक वळण मिळाले ते १९७५ च्या आत्मनिर्णय कायद्याने. सार्वजनिक कायदा क्रमांक ९३-६३८ असल्यामुळे त्याखालच्या करारांना तिथे सगळे ‘सिक्स थर्टी एट’ असेच म्हणतात. या कायद्यानुसार बीआयए जी कामे जमातीसाठी करते ती जमात करार करून स्वतःकडे घेऊ शकते आणि त्यासाठीचा निधीही तिच्याकडे जातो. पुढे स्वशासनाच्या करारांमुळे जमातीला एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवण्याची मोकळीकही अधिक मिळाली. फ्लॅटहेड येथील सॅलिश आणि कूटनाय जमातींनी वनविभाग आणि वणवा-विभाग दोन्ही स्वतःच्या हाती घेतले आहेत. त्यांच्या परिषदेने, म्हणजे जमातींच्या कारभारी मंडळाने, १९८२ मध्ये मिशन पर्वतरांगेत स्वतःचे संरक्षित अरण्य घोषित केले, आणि तिथे आगीचे काय करायचे हा निर्णयही त्या अरण्याच्या नियोजनाचा भाग म्हणून त्यांनीच घेतला. अशा ठिकाणी विभागीय अधिकाऱ्याची भूमिका बदलते. तो आदेश देत नाही. तो मानके पाळली जात आहेत का हे पाहतो, निधी वेळेवर पोहोचवतो आणि मागितला तर सल्ला देतो. काही अधिकाऱ्यांना हे जड जाते. माझ्या मते ज्याला हे जमत नाही त्याने या पदावर राहू नये.

पैशांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण वणव्याच्या कार्यक्रमाचा स्वभाव पैशांच्या शीर्षकांवरून घडतो. ठळक शीर्षके चार आहेत. पहिले पूर्वतयारीचे, म्हणजे कायम माणसे, इंजिने, टेहळणी मनोरे, हवामान केंद्रे आणि प्रशिक्षण. दुसरे प्रत्यक्ष शमनाचे. तिसरे इंधन-व्यवस्थापनाचे, म्हणजे विरळणी, फांद्यांचे ढीग करणे, नियोजित जाळणी. आणि चौथे जळालेल्या क्षेत्राच्या पुनर्स्थापनेचे. आग लागली की शमनाचा पैसा लगेच उभा राहतो. त्याला ‘नाही’ म्हणणारा कोणी नसतो. पूर्वतयारी आणि इंधन-व्यवस्थापन मात्र वार्षिक अंदाजपत्रकात इतर शंभर गरजांशी झगडतात. १९९० च्या राष्ट्रीय आदिवासी वनसंपदा व्यवस्थापन कायद्याने दर दहा वर्षांनी या जंगलांच्या स्थितीचे स्वतंत्र परीक्षण बंधनकारक केले आहे. २०१३ च्या परीक्षणात असे दिसले की या जंगलांना मिळणारा एकरी निधी राष्ट्रीय वनांच्या एकरी निधीच्या सुमारे एक तृतीयांश होता. विश्वस्त म्हणून सर्वांत कडक कायदेशीर जबाबदारी जिथे आहे तिथेच सर्वांत कमी खर्च, ही गोष्ट मला नेहमीच लाजिरवाणी वाटत आली आहे, आणि विभागीय व्यवस्थापकाने ती दरवर्षी कागदावर मांडत राहिले पाहिजे असे माझे मत आहे.

अपुऱ्या निधीचा अर्थ काय होतो हे २०१५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्यातील कॉलव्हिल राखीव प्रदेशाने पाहिले. त्या वर्षी देशभर एक कोटी एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. १३ ऑगस्टला राष्ट्रीय सज्जता पातळी पाचवर, म्हणजे सर्वोच्च पातळीवर गेली. याचा व्यवहारातला अर्थ असा की देशातील जवळपास सर्व पथके आणि विमाने कोठे ना कोठे गुंतलेली आहेत आणि नवीन मागणीला प्राधान्यक्रमाने वाट पाहावी लागेल. नेमक्या त्याच दिवसांत नॉर्थ स्टार आणि टंक ब्लॉक या आगी पेटल्या. प्राधान्यक्रमात माणसांचे जीव आणि घरे वर येतात, आणि ते योग्यच आहे. पण घरांनंतर जंगलाचे मूल्य मोजताना शहरालगतच्या उपनगराशेजारचे राष्ट्रीय वन आणि एका जमातीचे पुढच्या दोन पिढ्यांचे उत्पन्न यांची तुलना करणारी भाषा त्या व्यवस्थेत तेव्हा धड नव्हती. राखीव प्रदेशाची सुमारे अडीच लाख एकर जमीन जळाली. विभागीय कार्यक्रमासाठी यातून निघालेला धडा मला स्पष्ट दिसतो. सर्वोच्च पातळीच्या दिवसांत बाहेरून मदत येईल असे गृहीत धरून आखलेली योजना ही योजनाच नाही. पहिल्या दोन दिवसांत जे काही करता येईल ते स्थानिक माणसांच्या आणि स्थानिक यंत्रांच्या बळावरच करता येते.

आता दुसऱ्या प्रश्नाचे नेमके उत्तर. आग स्थानिक पथकाच्या आवाक्याबाहेर गेली की एक व्यवस्थापन पथक बोलावले जाते. हे पथक दुसऱ्या राज्यातून, कधी दुसऱ्या संस्थेतून आलेले असते. त्याला आपोआप कोणताही अधिकार नसतो. बीआयएच्या स्थानिक एजन्सीचा प्रमुख (सुपरिंटेंडंट) आणि बहुतेक ठिकाणी त्याच्यासोबत जमातीच्या परिषदेचे अध्यक्ष अधिकार सोपवण्याच्या पत्रावर सह्या करतात, आणि पथक त्या पत्राच्या चौकटीत काम करते. या पत्राचे महत्त्व मी कितीही सांगितले तरी कमीच आहे. नमुन्यावरून उतरवलेले पत्र दीड पानाचे असते आणि त्यात ‘सुरक्षितता प्रथम’ यापलीकडे फारसे काही नसते. चांगल्या पत्रात मात्र जमातीचे म्हणणे उतरलेले असते. अमुक ओढ्याच्या दोन्ही काठांना पाण्यापासून ३०० फुटांच्या आत विमानातून अग्निरोधक रसायन टाकू नये. अमुक कड्याच्या वरच्या भागात डोझर नेण्याआधी जमातीच्या संसाधन सल्लागाराची परवानगी घ्यावी. हकलबेरी या रानफळाच्या जुन्या पट्ट्यात आग मंद चालत असेल तर ती आक्रमकपणे तोडण्याऐवजी कडेने राखावी. रोजच्या बैठकीत परिषदेचा प्रतिनिधी बसेल. गावातून लोकांना हलवायचे झाले तर वृद्धांना कोणत्या सभागृहात न्यायचे आणि त्यांच्यासोबत कोण असेल.

पवित्र स्थळांबाबत एक बारकावा इथे सांगतो. बाहेरच्या पथकाला वाटते की सर्व स्थळांचा नकाशा दिला म्हणजे काम सोपे होईल. जमाती असा नकाशा देत नाहीत, कारण एकदा तो संगणकातून संगणकात गेला की स्थळे लुटणाऱ्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. यावरचा उपाय असा रूढ झाला आहे की जमातीच्या सांस्कृतिक विभागाची व्यक्ती अग्निशमनाचे पायाभूत प्रशिक्षण घेते, तिच्याकडे आगीवर जाण्याचे ओळखपत्र असते, आणि ती डोझरच्या पुढे चालते. ती हात उजवीकडे करते, डोझर उजवीकडे वळतो. का वळायचे हे चालकाला सांगितलेच पाहिजे असे नाही. ही व्यक्ती आग लागल्यावर शोधून मिळत नाही. तिचे प्रशिक्षण, तिची तंदुरुस्ती चाचणी, म्हणजे ४५ पौंडांचे ओझे घेऊन तीन मैल ४५ मिनिटांत चालणे, आणि तिचे बूट व अंगावरचे अग्निरोधक कपडे हे सगळे वसंत ऋतूच्या आत व्हावे लागते. मी विभागीय तपासणीला गेलो की इंजिनांच्या आधी या माणसांची यादी मागत असे.

आता जाळण्याच्या रीतीविषयी. ओरेगॉन आणि वॉशिंग्टनच्या पूर्वेकडील कोरड्या भागात पाँडेरोसा पाइनची जंगले आहेत. यूरोपीय वसाहतीपूर्वी या जंगलांतून साधारण पाच ते पंचवीस वर्षांच्या अंतराने जमिनीलगतची मंद आग जात असे, आणि त्यातील बराचसा वाटा विजेबरोबरच माणसांनी लावलेल्या आगींचा होता. मुळे, बेरी, हरणांसाठी कोवळा चारा, टोपल्यांसाठी सरळ काड्या, मोकळ्या वाटा, अशा कितीतरी कारणांनी लोक ठरलेल्या ऋतूत ठरलेल्या जागा जाळत. विसाव्या शतकात ही रीत गुन्हा ठरली. १९३५ पासून तर अमेरिकन वनसेवेचे धोरणच असे होते की कोणतीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत काबूत आलीच पाहिजे. परिणाम असा झाला की जिथे एकरी मोजकीच मोठी झाडे असत तिथे दाट रोपट्यांची झुडपे माजली आणि मंद आगीच्या जागी शेंड्यापर्यंत चढणारी आग आली.

या धोरणाविरुद्ध व्यावसायिक वनाधिकाऱ्यांमधून फार लवकर उठलेला एक आवाज बीआयएमधलाच होता, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते. हॅरल्ड वीव्हर हे बीआयएचे वनाधिकारी होते. १९४३ मध्ये त्यांनी पाँडेरोसाच्या जंगलात आग ही नैसर्गिक आणि गरजेची प्रक्रिया आहे असे जाहीरपणे लिहिले आणि कॉलव्हिल प्रदेशात नियोजित जाळणीचे प्रयोग केले. त्यांच्यावर टीका झाली, पण काम थांबले नाही, आणि ॲरिझोनातील फोर्ट ॲपाची राखीव प्रदेशावर १९५० च्या सुमारास मोठ्या क्षेत्रावर जाळणी सुरू झाली. मात्र वीव्हर यांना जे प्रयोगाने पटले ते तिथल्या वडीलधाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते, एवढे म्हणणे न्यायाचे होईल.

प्रत्यक्ष जाळणी कशी होते हे आपण पाहिलेले नसल्यास थोडे वर्णन करतो. आराखड्यात हवेच्या मर्यादा लिहिलेल्या असतात: तापमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा, पाचोळ्यातील आणि जाड ओंडक्यांतील ओलावा. त्या दिवशी सकाळी यादीतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले तरच पुढे जायचे असते, एक ‘नाही’ आले की सगळी माणसे परत जातात. मग वारा ज्या बाजूला जातो त्या टोकाच्या एका कोपऱ्यात चाचणी आग लावतात. ड्रिप टॉर्चमध्ये तीन-चार भाग डिझेल आणि एक भाग पेट्रोल असे मिश्रण असते, त्याचे थेंब पेटत जमिनीवर पडतात. आग लावणारा थांबतो, सगळे पाहत राहतात. ज्वाळा गुडघ्याखाली आहेत का, धूर वर जाऊन कोणत्या दिशेला लवतो, सुया, म्हणजे पाइनची सुईसारखी पाने, जळल्यावर खालची काळी कुजट माती तशीच ओली राहते का. पटले तर पट्ट्यापट्ट्याने पुढे जायचे.

यात एक गोष्ट अशी आहे की ती पुस्तकातून कळली तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. जिथे शंभर वर्षे आग गेलेली नाही तिथे तीन-चारशे वर्षांच्या पाइनच्या बुंध्याभोवती सुया आणि सालीच्या कपच्यांचा गुडघाभर ढीग साचलेला असतो, आणि झाडाने आपली बारीक मुळे त्या ढिगात वर आणलेली असतात. मंद आगसुद्धा त्या ढिगात शिरली की दोन-दोन दिवस धुमसते आणि मुळे शिजवते. झाड त्या वर्षी हिरवे दिसते, दोन-तीन वर्षांनी मरते. म्हणून पहिल्या जाळणीआधी मोठ्या झाडांभोवतीचा ढीग पंजाने ओढून बाजूला करावा लागतो, झाडागणिक. हे कंटाळवाणे काम आहे आणि हिशेबाच्या तक्त्यात एकरांचा आकडा कमी करते. वरिष्ठ कार्यालयाला वर्षअखेर किती एकर जाळले हा आकडा हवा असतो. विभागीय व्यवस्थापकाने इथे ठाम राहायला हवे. पाचशे एकर नीट जाळणे हे दोन हजार एकर घाईने जाळण्यापेक्षा मोलाचे आहे, आणि जुनी झाडे गेली तर जमातीचा या कार्यक्रमावरचा विश्वासही जातो.

जाळणीचा उपयोग होतो का, हा प्रश्न परिषदेच्या बैठकीत दर वेळी येतो. त्याला माझे उत्तर ॲरिझोनातील २००२ च्या रोडिओ-चेडिस्की आगीचे असते. साडेचार लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेली ही आग मुख्यतः फोर्ट ॲपाची राखीव प्रदेश आणि लगतच्या राष्ट्रीय वनावरून गेली. नंतरच्या उपग्रह-चित्रांच्या अभ्यासात असे दिसले की आधीच्या वर्षांत नियोजित जाळणी झालेल्या तुकड्यांत नुकसानीची तीव्रता स्पष्टपणे कमी होती, आणि जाळणी जितकी अलीकडची आणि तुकडा जितका मोठा तितका फरक अधिक. अगदी वाऱ्याच्या भरात गेलेल्या आगीतही हे दिसले.

त्याच आगीचा दुसरा धडा कटू आहे. तिचा एक भाग हंगामी अग्निशमन कामगाराने काम मिळावे म्हणून लावला होता, आणि तो लावल्याची कबुली त्याने न्यायालयात दिली. ज्या प्रदेशात रोजगार कमी आणि वणव्याचे दिवस हीच कमाईची संधी, तिथे हा धोका व्यवस्थेनेच निर्माण केलेला असतो. माझ्या मते यावर तपासनीस वाढवणे हे अर्धेच उत्तर आहे. विझवण्याच्या तासांवर मजुरी देण्याऐवजी विरळणी, जाळणी, रोपे लावणे, कुंपणे दुरुस्त करणे अशा वर्षभराच्या कामावर त्याच माणसांना ठेवणे हे खरे उत्तर. वॉर्म स्प्रिंग्ज, झुनी, नवाहो, फोर्ट ॲपाची यांच्या हॉटशॉट पथकांची, म्हणजे कठीण आगींवर पाठवल्या जाणाऱ्या खास प्रशिक्षित पथकांची, देशभर प्रतिष्ठा आहे. तिथे तरुणांना पथकात जाणे हा सन्मान वाटतो. पण वीस जणांच्या पथकात जागा वीसच असतात. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न विभागीय अंदाजपत्रकात दिसला पाहिजे.

शेजाऱ्यांबद्दल थोडक्यात. राखीव प्रदेशाभोवती बहुतेक वेळा राष्ट्रीय वने असतात, आणि आग दोन्ही दिशांनी जाते. २०२० मध्ये वॉर्म स्प्रिंग्ज प्रदेशात विजेने पेटलेली लायन्सहेड आग सप्टेंबरच्या पूर्व वाऱ्याने कॅस्केड पर्वताची धार ओलांडून पश्चिमेला गेली. २००४ च्या आदिवासी वनसंरक्षण कायद्यामुळे जमातीला शेजारच्या संघराज्य जमिनीवर, स्वतःच्या जमिनीच्या रक्षणासाठी, विरळणी किंवा जाळणीचा प्रकल्प प्रस्तावित करता येतो. शिवाय १८५५ च्या करारांनी वायव्येतील अनेक जमातींनी पूर्वीच्या ठिकाणी मासेमारी, शिकार आणि कंदमुळे-बेरी गोळा करण्याचे हक्क राखून ठेवले, आणि त्या हक्कांच्या जमिनींवर इंधन-व्यवस्थापनासाठी बीआयएकडे वेगळा निधीही आला. अडचण यंत्रणांची कमी आणि बाजाराची जास्त आहे. वॉर्म स्प्रिंग्ज जमातीची लाकूड गिरणी २०१६ मध्ये बंद पडली. बारीक लाकूड घेणारी गिरणी जवळ नसेल तर विरळणीचा प्रत्येक एकर खर्चाचाच राहतो. जळालेल्या लाकडाचेही तेच. कीड आणि बुरशी लागून त्याची किंमत एक-दोन वर्षांत उतरते, म्हणून आग विझण्याआधीच काढणीचा आराखडा सुरू करावा लागतो.

एक सूचना द्यायला हवी. २०२५ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने अंतर्गत खाते (बीआयए याच्याखाली येते) आणि कृषी खाते (वनसेवा याच्याखाली येते) यांचे वणवा कार्यक्रम एकत्र करण्याची प्रक्रिया सुरू झाली. मी वर वर्णन केलेली रचना गेल्या काही दशकांत रुळलेली आहे, आणि ती वरच्या पातळीवर बदलते आहे. माझी काळजी एकाच मुद्द्याची आहे: वणवा हा स्वतंत्र संस्थेचा विषय झाला की तो वनव्यवस्थापनापासून आणि जमातीच्या करारांपासून तुटू शकतो. ज्या हाताने झाड मोजले, त्याच हाताने जाळणी आखली पाहिजे.

आता गडचिरोलीसाठी यातून काय घ्यावे. पाइनचे आकडे अजिबात घेऊ नयेत. साग, मोह, तेंदू आणि बांबूच्या पानझडी जंगलाचा पाचोळा, त्याचा हंगाम आणि पुनरुत्पत्ती वेगळी आहे. वारंवार लागणारी आग तिथे कोवळी रोपे मारते, त्यामुळे आपल्याकडे बहुतांश ठिकाणी प्रश्न आग कमी लागण्याचा नसून फार वेळा लागण्याचा आहे. घेण्यासारखी आहे ती निर्णयाची पद्धत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने जंगलात आग लावणे गुन्हा ठरवले, आणि हक्कदारांवर आग विझवायला मदत करण्याचे बंधनही घातले. पण काय वाचवायचे हे ठरवण्यात त्यांना स्थान दिले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला जंगलाच्या रक्षणाचा अधिकार दिला, आणि २००९ मध्ये मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून तो अधिकार आपल्या जिल्ह्यात कागदावरून जमिनीवर आला आहे. तेव्हा सामूहिक वनाच्या व्यवस्थापन आराखड्यात वणव्याचे स्वतंत्र प्रकरण ग्रामसभेनेच लिहावे, आणि ते फेब्रुवारीच्या मध्याआधी, म्हणजे मोहफुले वेचायला सुरुवात होण्याआधी, पूर्ण करावे.

त्यात मोहाच्या कोणत्या झाडांखालचा पाचोळा झाडून बाजूला करायचा आणि कोणाच्या झाडाखाली कोणी हे नावानिशी असावे. झाडाखाली जाळ्या अंथरायच्या असतील तर त्या कोठून आणि कधी घ्यायच्या तेही. तेंदूच्या फुटव्यासाठी आग लावण्याऐवजी छाटणी कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या मजुरीने करायची, ही मजुरी तेंदूपत्त्याच्या विक्रीच्या करारातच कशी धरायची, हे तिथे असावे. बांबूचे कोणते कक्ष आणि कोणती देवराई आधी वाचवायची, वनविभागाच्या जाळरेषा (आग अडवण्यासाठी मोकळे केलेले पट्टे) कोठे जुळतात, वनरक्षकाला कोण फोन करेल, आणि भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रहावरून येणारा इशारा गावात कोणाच्या मोबाइलवर पडेल, हेही लिहावे. या प्रकरणाची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या सहीने परत घ्यावी. गडचिरोलीत बाहेरून व्यवस्थापन पथके येत नाहीत, पण वनविभागाचे हंगामी अग्निरक्षक येतात, आणि पहिल्या दिवशी त्यांच्या हातात हा कागद आणि सोबत गावातला एक माहीतगार माणूस असला तर काम कोठून सुरू करायचे यावर वाद होत नाही. पहिल्या हंगामानंतर, मे अखेरीस, तेंदूचे काम संपल्यावर ग्रामसभेत तोच कागद पुन्हा काढावा, जळालेल्या जागा त्यावर खुणावाव्यात, आणि जिथे ठरलेले पाळले गेले नाही तिथे का नाही हे त्या घरातल्या माणसांकडूनच ऐकून घ्यावे.